मैदानावरचं वय

पेण,
११ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सरूचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इथे बालगृहात मोबाइल देत नाहीत, आणि भेटायची परवानगी फक्त आईवडिलांना. तुम्ही दोघंही आला नाहीत, तेव्हा रेबेका मॅडमनी कागद आणि पेन पुढ्यात ठेवलं. त्या इथल्या अधीक्षक. पेणच्याच, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. घरातले बाकी सगळे केव्हाच इस्रायलला गेले, ह्या एकट्या राहिल्या. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र त्या वाचतात, तसा नियम आहे. शनिवार मात्र त्यांचा पाळायचा वार, त्या दिवशी टपालाला हात लावत नाहीत.

बाबा, मी न सांगता गेले, हे चुकलं. तुम्हाला राग येणार हेही माहीत होतं. पण तुम्ही थेट पोलिसांत जाऊन लिहून दिलंत, की निकेशने तुमची सतरा वर्षांची मुलगी पळवली. आम्ही वडखळला त्याच्या आईपाशी राहत होतो. देवळात लग्न लावलं होतं. पोलीस आले तेव्हा मी चुलीवर भात ठेवला होता. आता तो तुरुंगात आहे आणि मी इथे. घरी जातेस का, असं मला विचारलं. मी नाही म्हणाले, म्हणून इथे ठेवलं.

मला एकोणीस पूर्ण झाली आहेत. आईला ठाऊक आहे, तुम्हाला तर जास्तच ठाऊक आहे. दाखल्यावर सतरा आहेत, कारण तुम्ही शिकवता त्या आपल्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघासाठी मला दोन वर्षांनी लहान केलंत. संघातल्या सगळ्याच पोरींना दोन वयं होती, एक घरचं आणि एक मैदानावरचं. तेव्हा आम्ही त्यावर हसायचो.

पोलिसांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पळून गेलेली परत्येक पोर एकोणीसचीच असते." रेबेका मॅडमही म्हणतात, तुझ्या सांगण्याला किंमत नाही, वडलांनी सांगायला हवं. तेवढं सांगा. बाकी मला काही नको.

तुमची,
सरू

•

खांब,
२० नोव्हेंबर २०२४

चि. सरू हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कंपनीच्या बससाठी उभा होतो तेव्हा पोस्टमनने हातात दिलं. शिफ्टभर खिशात घेऊन फिरलो. अक्षर सुधारलंय तुझं. शाळेत असं लिहिलं असतंस तर बाईंचे बोल तरी वाचले असते.

आता नीट ऐक. पत्रात मनाला येईल ते लिहायचं नाही. तुझी पत्रं दुसरं माणूस वाचतं, हे तूच लिहितेस आणि खाली सगळा पाढाही तूच वाचतेस. तुझं वय दाखल्यावर आहे तेच. सरकार तेच मानतं, शाळेने तेच मानलं, कबड्डीवाल्यांनीही तेच मानलं.

जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. तोवर कळ काढ. सकाळी उठून बैठका मार, नाहीतर बसून बसून जड होशील. अजून तीन वर्षं तू कुमारी गटात खेळू शकतेस. तुझ्याएवढी चढाई करणारी पोर रोह्यापासून पेणपर्यंत कोण आहे, सांग बघू? आणि तू निघालीस कुणाबरोबर, तर मिठागरावर वाढलेल्या, ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराबरोबर. त्याला साधा बोनस कशाला म्हणतात ते तरी कळतं का?

भेटायला आलो नाही, कारण आलो असतो तर तुला हाताला धरून घेऊन आलो असतो, आणि ते तसं देत नाहीत. आई बरी आहे. गुडघा दुखतो तिचा.

तुझा,
बाबा

•

पेण,
६ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जूनमध्ये मी सुटेन, बाबा. निकेश सुटणार नाही. लग्नाच्या वेळी मी अठराखालची होते असं ठरलं, तर त्याला दहा-वीस वर्षं आत काढावी लागतील. वकिलांनी हे आम्हाला समजावून सांगितलंय आणि तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेलच. कळ काढ म्हणता, ती कुणी काढायची?

निकेशच्या आईने, सीताबाईंनी, गळ्यातलं मोडून वकील दिला. त्या वकिलांनी कोर्टाला दाखवलं, की माझ्या जन्माची नोंद माझ्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली आहे. म्हणून कोर्टाने माझी वयाची तपासणी करायला सांगितलंय. दात बघणार आहेत. जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात, त्यावरून वयाचा अंदाज येतो म्हणे. मला तर हसूच आलं. म्हणजे माझं तोंड उघडलं की वय कळणार, आणि इतके दिवस मी तोंड उघडून सांगते आहे त्याचं काहीच नाही.

पण मी खूश आहे. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल आता. आई नेहमी म्हणते ना, "म्हापुराच्या वर्षी तू अंगावर पीत व्हतीस गो." तो पूर दोन हजार पाचचा. आईच्या बोलण्याला कोर्टात किंमत नाही, आणि तिला विचारलं तर ती आधी तुमच्याकडे बघते. दात कुणाकडे बघत नाहीत.

सरू

•

खांब,
१४ डिसेंबर २०२४

चि. सरू,

घाईत लिहितोय. दात दाखवायला नाही म्हण. तुझी मर्जी नसेल तर जबरदस्ती करता येत नाही, मी चौकशी केली आहे. त्या एक्स-रेने अंगाला त्रास होतो. पोरीच्या जातीने असले एक्स-रे काढू नयेत.

आणि त्याने काही कळतही नाही. कुणाचे दात लवकर येतात, कुणाचे उशिरा. माझी अक्कलदाढ तिसाव्या वर्षी आली, तुझ्या आईच्या मते ती आलीच नाही. उगीच तपासणी करून घेशील आणि हाती काही लागणार नाही.

नाही म्हण. बापाचं एवढं ऐक.

बाबा

•

पेण,
३ जानेवारी २०२५

बाबा,

नमस्कार लिहायचा राहिलेला नाही. मुद्दाम लिहिला नाही.

तपासणी झाली. डॉक्टर नमिता म्हणून बाई आहेत. वयाने तरुण आहेत, जास्त बोलत नाहीत. आधी छोटा आरसा घालून एकेक दात बघितला. मग एका यंत्रापुढे उभं केलं. हनुवटी टेकवायची, दातांत एक कांडी धरायची आणि हलायचं नाही. यंत्र डोक्याभोवती फिरतं. श्वास घेतला तरी चालेल, असं त्यांनी सांगितलं होतं, पण मी सवयीने दम धरूनच उभी राहिले.

चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्यांनी मला समजावलं. दात वरून दिसतो तेवढाच नसतो. त्याचं मूळ हाडात हळूहळू भरत जातं आणि शेवटी टोकाला बंद होतं. अक्कलदाढेचं मूळ सगळ्यांत शेवटी बंद होतं, साधारण अठराच्या पुढे. म्हणून वय बघताना तीच बघतात.

मग त्यांनी विचारलं, "खालच्या अक्कलदाढा कुठे आहेत तुझ्या?"

"काढल्या," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"दुखत होत्या?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाबा, मला आठवेना. कधी दुखल्या होत्या? दुखल्याच नव्हत्या. नुकत्या कुठे हिरडीतून डोकावत होत्या. तुम्ही म्हणालात, आज ना उद्या दुखतील, मैदानावर धक्का लागला तर जबडा सुजेल, आत्ताच काढून टाकू. मी म्हणाले, बरं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कबड्डी खेळतेस?"

मग त्या सांगायला लागल्या. सोळाखालच्या गटाची निवड करताना काही ठिकाणी पोरींना तोंड उघडायला लावतात. खालची अक्कलदाढ दिसली की पोर बाहेर. त्यांच्याकडे दोन वडील आपापल्या मुलींना घेऊन आले होते, चांगल्या दाढा काढा म्हणून. त्यांनी काढल्या नाहीत.

त्या दिवशी तुम्ही अर्धी शिफ्ट सोडून मला रोह्याला नेलंत. डॉक्टरकडे सगळा वेळ माझा हात धरून बसलात. नंतर आपण पुलावरून चालत नदीपलीकडच्या अष्टमी गावात गेलो. गार म्हणून तुम्ही मला आइस्क्रीम घेऊन दिलंत आणि स्वतः घेतलं नाहीत. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्हीच एकटे बोलत होतात. तुमच्या पहिल्या सामन्याचं, आजोबांनी दिलेल्या माराचं सांगत होतात. मी हसले की टाके ओढायचे. तुमच्याबरोबर एकटीने घालवलेला तेवढाच एक दिवस माझ्याकडे होता, बाबा. कुणी विचारलं, तुझे वडील कसे आहेत, की मी हा दिवस सांगायचे. निकेशलाही सांगितला होता.

तो दिवस तुम्ही कशासाठी काढला होता, ते आता कळलं. मला इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं. पोलीस आले तेव्हाही नाही.

वरच्या दोन दाढा अजून हाडातच आहेत. बाहेर आल्या नाहीत, म्हणून तुमच्या नजरेला पडल्या नाहीत. डॉक्टर त्यांच्यावरून अहवाल लिहिणार आहेत.

सरू

•

खांब,
२५ जानेवारी २०२५

चि. सरूस आशीर्वाद.

तीन वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

तुला वाटतं, मी सगळं माझ्यासाठी केलं. आपल्या गावच्या पोरींनी तो चषक आणला तेव्हा तू माझ्या खांद्यावर बसून ओरडत होतीस, ते विसरलीस? तेव्हा मी वाईट नव्हतो. हायवेवर गाड्या थांबवून मिरवणूक काढली होती. ह्या गावात पोरीच्या नावाने ढोल वाजला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि सगळेच करतात. समोरच्या संघातल्या पोरी काय खऱ्या वयाच्या होत्या? मी केलं नसतं तर माझ्या पोरी घरी बसल्या असत्या, एवढंच झालं असतं.

आता खरं ते लिहितो, वाचू देत मॅडमना. नूतन आठवते ना, तुझ्या डाव्या बाजूला खेळायची ती? त्या चषकाच्या प्रमाणपत्रावर तिला खेळाडूंच्या जागेतून नोकरी लागली. तिच्या पगारावर तिच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. तुझं वय खोटं निघालं तर पुढचा प्रश्न हाच, की संघातल्या बाकीच्यांचं काय? मी तोंड उघडलं तर माझ्या पोरीचं भलं होईल आणि दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं. आणि गप्प बसलो तर उलटं. तूच सांग मी कुठे जाऊ? मैदानात निदान मागे फिरायला जागा असते.

त्या दिवसाचं लिहिलंस. मी आइस्क्रीम घेतलं नाही, कारण घशाखाली उतरलं नसतं. तुला दुखत होतं आणि ते मी केलं होतं. पण पुलावर तुझ्याशी बोललो ते खोटं नव्हतं. तो दिवस माझाही होता, एवढं मात्र तू लक्षात ठेव.

बाबा

•

पेण,
१० फेब्रुवारी २०२५

बाबा,

अहवाल आला. वरच्या दाढांची मुळं टोकाला बंद होत आली आहेत. वय अठराच्या पुढे असण्याची शक्यता जास्त, असं डॉक्टरांनी लिहिलंय. पण प्रामाणिकपणे हेही लिहिलंय, की दातांवरून वय सांगताना दीड-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं. मी त्यांच्यावर चिडले. त्या म्हणाल्या, "दात मला जेवढं सांगतात तेवढंच मी लिहिणार. जास्त लिहिलं तर दाखला करणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

वकील म्हणतात, दाखला आणि दात यांत कोर्ट दाखला धरतं. दाखला खोटा आहे असं तो काढणाऱ्याने शपथेवर सांगितलं, तरच दातांकडे बघतील. पाच मार्चला तुम्हाला बोलावणार आहेत.

नूतनचं मलाही वाईट वाटतं. तिचं नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. तुमची मुलगी मी एकटीच आहे, माझ्यापुरतं सांगा.

आणखी एक. तुम्ही समजता, मी निकेशसाठी घर सोडलं. तो चांगला आहे, मला आवडतो, पण तेवढंच नव्हतं. मी तुम्हाला त्याच्याबद्दल विचारायला आले होते, आठवतं? चुलीपाशी. तुम्ही म्हणालात, "तुझं वय काय लग्नाचं हाय?" तुम्ही नाटक करत नव्हतात, बाबा. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्हाला खरोखरच मी सतराची वाटत होते. तेव्हा मला भीती वाटली. बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, मी तिथेच. अजून तीन वर्षं कुमारी गट, मग काय? इथे बालगृहाला निदान फाटक आहे आणि ते उघडायची तारीख आहे. घरी तीही नव्हती.

सरू

•

खांब,
१२ मार्च २०२५

चि. सरूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला बालगृहातून सोडलं असं कळलं, म्हणून हे वडखळच्या पत्त्यावर लिहितोय. कोर्टातून बाहेर पडताना तू माझ्याकडे न बघता गेलीस. तक्रार नाही. रेबेका मॅडमनी मला पाणी आणून दिलं, तेव्हा त्यांच्याशीही धड बोललो नाही. त्यांना माझा नमस्कार कळव.

कोर्टात मी काय बोललो ते तू ऐकलंस, पण माझ्या मनात काय होतं ते कळावं म्हणून लिहितो. मी घरून निघालो तो दाखल्यावरची तारीख सांगायची असं ठरवूनच. वडखळ येईपर्यंत मनात तीच घोकत होतो. शपथ झाली. वकिलांनी विचारलं, मुलीची जन्मतारीख सांगा. तू समोर उभी होतीस. पाच महिन्यांनी बघत होतो तुला. केस मागे बांधलेले, हाताची घडी घातलेली. तू बाईमाणूस दिसत होतीस, सरू. कुठल्याच बाजूने सतराची दिसत नव्हतीस. आणि मी ते कधीच बघितलं नव्हतं, हे माझ्या तिथे ध्यानात आलं. मी तुझे पाय बघायचो, दम बघायचो, वजन बघायचो.

तोंडातून निघून गेलं, "साहेब, सत्तावीस मार्च दोन हजार पाच. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. पोर एकोणीसची हाय."

साहेबांनी विचारलं, एवढं नक्की कसं आठवतं? सांगितलं, की जुलैत पूर आला तेव्हा चार महिन्यांची होती. पाटीत घालून डोक्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून मीच शाळेच्या वरच्या मजल्यावर नेली. दाढांचं विचारलं, तेही सांगितलं. कुणी काढायला लावल्या? मी. कशासाठी? निवडीसाठी. बाकीच्या पोरींचं विचारलं, तर म्हणालो, मला माझ्या पोरीपुरतं माहीत.

निकेशला जामीन मिळाला हे ऐकलं. आपल्या इथे पोलीस येऊन गेले. खोट्या दाखल्याचा गुन्हा होईल. मंडळाने माझं नाव काढलं, मैदानावर येऊ नका म्हणाले. चषक परत मागतील असं दिसतंय. नूतन माझा फोन घेत नाही, आणि तिचा बाप रस्त्यात भेटला तर दुसरीकडे बघतो. संध्याकाळी शिट्टी ऐकू येते तेव्हा मी दार लावून घेतो. सवय होईल.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तुझी आई दर सत्तावीस मार्चला घावन आणि नारळाचा रस करायची. तू विचारायचीस, आज कशाबद्दल गो? ती म्हणायची, नारळ फुटलेला व्हता. मी तिला दटावून ठेवलं होतं, की पोरीला खरी तारीख कळता कामा नये, कुठेतरी बोलून जाईल. तुझ्याच वाढदिवसाचं तू खायचीस आणि तुला माहीत नसायचं. मला माहीत असायचं आणि मी दुसरा वाढून घ्यायचो. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

यंदाही करणार आहे ती. तिला वाटतं तू यावंस. मी त्या दिवशीची शिफ्ट मागून घेतो. मी घरात नसेन, तेव्हा निवांत ये.

बाबा

•

वडखळ,
१८ मार्च २०२५

ती. बाबांस,
सरूचा साष्टांग नमस्कार.

निकेश घरी आला. तो फार बारीक झालाय आणि कुणी जोरात बोललं की उठून उभा राहतो. सीताबाई त्याला सारखं खायला घालतात. खटला अजून उभा आहे, पण वकील म्हणतात, आता तो टिकायचा नाही.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. अजून तसं झालेलं नाही. जेवताना जीभ मागच्या रिकाम्या जागी जाते आणि मला राग येतो. पण तुम्ही दार लावून घेता ते वाचून मला रडू आलं, हेही खरं.

सत्तावीसला येते. शिफ्ट मागू नका. मागितली असेल तर बदलून घ्या. तुम्ही घरात हवेत. आई घावन वाढेल, मी सावकाश खाईन, आणि वीस वर्षांची तुमची मुलगी कशी दिसते ते तुम्ही समोर बसून बघायचं.

सरू